एका रांजणाचे खाणारे

दाराकगोलमध्ये येऊन प्यो जमरे कुठे राहते असं विचारलंत, तर एक पोस्टमन सोडला तर कुणाला सांगता येणार नाही. संगपिलची आई म्हणा, की आंधळासुद्धा बोट दाखवील. आमच्याकडे बाईला मूल झालं की तिचं नाव मुलाच्या नावाखाली झाकलं जातं, रांजणावर झाकण बसावं तसं. जमरेचं नाव झाकलं गेलं त्याला बावन्न वर्षं झाली. त्याचं तिला कधी वाईट वाटलं नाही. संगपिल म्हणजे एकुलता एक, शिकलेला, राजधानीत सोलला मोठ्या कंपनीत, सोळाव्या मजल्यावर घर. अशा मुलाच्या नावाखाली झाकून राहण्यात कसलं आलंय दुःख.

बाई ठेंगणी, सत्त्याहत्तर वर्षांची, पाठीतून वाकलेली. चार चाकांची ढकलगाडी पुढे लोटत चालायची; तिच्यात कधी मुळे, कधी पालेभाजी, कधी शेजारणीचं भांडण. लग्न होऊन या गावात आली ती एकोणिसाव्या वर्षी, आणि सासूनं तिला पहिल्या दिवशी घर दाखवलं नाही, रांजण दाखवले. घरामागच्या दगडी ओट्यावर अकरा रांजण. सासू म्हणाली होती म्हणे, की घर गळलं तर शाकारता येतं, नवरा बिघडला तर सोसता येतो, पण जांगची चव फिरली की घर बुडालं म्हणून समज.

जांग म्हणजे आमच्या जेवणाचा कणा. सोयाबीन शिजवायचं, कुटायचं, त्याच्या ढेपा करून भाताच्या काडानं बांधायच्या आणि उबदार खोलीत आढ्याला टांगायच्या. ढेपांवर पांढरी-निळी बुरशी धरली, खोलीला पायमोज्यांसारखा वास सुटला, की समजायचं काम बरोबर चाललंय. मग पहिल्या महिन्यात पंचांगात घोड्याचा दिवस बघून त्या मिठाच्या पाण्यात सोडायच्या. पाणी किती खारट? तर त्यात अंडं तरंगलं पाहिजे, आणि वर डोकावणारा तुकडा नाण्याएवढा दिसला पाहिजे. वरून लाल मिरच्या आणि निखारा. रांजणाला डाव्या पिळाची काडाची दोरी बांधायची, बाहेरून कागदाचा मोजा उलटा चिकटवायचा. घाण आली तर त्या मोज्यात शिरेल, रांजणात नाही. वसंतात पाणी काढून उकळलं की सोयाचा रस, आणि खाली उरतो तो जांगचा लगदा. तो वर्षभर, दोन वर्षं, पाच वर्षं मुरतो.

आणि हे सगळं करताना बोलायचं नाही. थुंकी उडू नये म्हणून जुन्या बायका ओठांत कागदाचा तुकडा धरून काम करायच्या. जमरे अजून धरायची. शेजारची गोकसंगवाली, म्हणजे गोकसंग गावाहून या गावात दिलेली बाई, एकदा मदतीला आली आणि तिनंही कागद धरला. अर्ध्या तासात तिनं तो चावून खाल्ला. तेव्हापासून गोकसंगवालीला जांग घालायच्या दिवशी ओट्यावर बंदी होती, बाकी वर्षभर मात्र ती वाटी घेऊन हजर. चाळीस वर्षं जमरेचा जांग खाऊन चाळीस वर्षं तिनं त्याला खारट म्हटलं.

जमरेचं अर्धं मन गावात आणि अर्धं सोलला असायचं. पूर्वी ती मुलाला किमची, म्हणजे तिखटामिठात मुरवलेला कोबी, तोसुद्धा पाठवायची. पण एका वर्षी सूनबाईनं अतिशय गोड आवाजात सांगितलं, की सासूबाई, तुम्हाला एवढा त्रास कशाला, आमचा फ्रीजही लहान. जमरेनं किमची थांबवली. जांग मात्र राहिला. संगपिल म्हणाला होता, "आई, किमची कुठलीही चालेल. जांग तुझ्याच हातचा पाहिजे." हे वाक्य तिनं गावात किती जणांना ऐकवलं असेल त्याला गणती नाही. दरवर्षी पानगळ संपली की ती सगळ्यात जुन्या, ओट्याच्या मधल्या रांजणातून एक मडकं भरायची, तोंडाला कापड, कापडावर दोरी, आणि पार्सल सोलला. चौथ्या दिवशी फोन यायचा. "आई, आज सकाळीच सूप केलं. तीच चव."

आणि नुसता फोन नव्हता, पुरावाही होता. नव्या वर्षाला संगपिल गाडी घेऊन यायचा तेव्हा ते मडकं परत आणायचा. आतून असं लख्ख, जणू जिभेनं चाटलंय. दोरीसुद्धा टाकलेली नसायची. नीट गुंडाळून, शेवटचं टोक आत खोचून मडक्यात ठेवलेली. जमरेचा नवरा दोरी तशीच गुंडाळायचा. तो गेला तेव्हा संगपिल चौदाचा होता. जमरे ती गुंडाळी हातात घेऊन मनात म्हणायची, पोरगं शहरात गेलं, पण बापाचा हात विसरलं नाही.

अशी सगळी घडी बसलेली असताना गावात विद्यापीठाची माणसं आली.

त्यांना आमच्या पोटात काय आहे ते बघायचं होतं. दाराकगोलमध्ये नव्वदीच्या पुढची सात माणसं, आणि सातही आपल्या पायांनी संडासला जाणारी. तर यांच्या आतड्यांत कुठले जंतू राहतात आणि सोलच्या लोकांच्या आतड्यांत कुठले, याचा त्यांना ताळा करायचा होता. प्रत्येकाला एक निळ्या झाकणाची नळी दिली, झाकणाला आतून चिमुकला चमचा. त्यात काय भरायचं हे सांगताना दाऊन नावाची ती पोरगी, सव्वीस वर्षांची, लाजून जमिनीकडे बघत होती. म्हाताऱ्या मात्र खो-खो हसत होत्या. दुसऱ्या दिवशी सकाळी सरपंचानं गावच्या लाउडस्पीकरवर सांगितलं, की ज्यांचं झालंय त्यांनी नळी चावडीवर आणून द्यावी, ज्यांचं झालं नाही त्यांनी घाई करू नये, पण विसरूही नये. डोंगराच्या पलीकडच्या गावात ऐकू गेलं ते. पुढे महिनाभर ते लोक आम्हाला बाजारात भेटले की विचारायचे, झालं का?

मा चिलबोंग नावाचा म्हातारा आहे आमच्याकडे, एक्क्याऐंशीचा, रोज सोजूची अर्धी बाटली. त्याला वाटलं आपली दारू पकडली जाईल. म्हणून त्यानं नळीत आपलं न भरता वासराचं भरलं. दहा दिवसांनी प्रयोगशाळेतून फोन. आजोबा, तुम्ही गवत खाता का? चिलबोंग म्हणाला, बायको गेल्यापासून जे मिळेल ते खातो. त्याला दुसरी नळी द्यावी लागली.

पण दाऊनचं मुख्य काम वेगळं होतं. तिला जोड्या हव्या होत्या: आईबाप गावात, मुलगा शहरात, पण दोघं एकाच रांजणातलं खाणारे. खाणं एक, राहणं वेगळं. मग पोटातली वस्ती एक राहते की वेगळी होते? जमरेनं चावडीतच हात वर केला. फॉर्मवर प्रश्न होता, या रांजणातलं किती जण खातात. जमरेनं बोटांवर मोजून सांगितलं: मी, संगपिल, सूनबाई, दोन नातवंडं. पाच. दाऊननं पाच लिहिलं. सोलला संगपिलच्या घरी डबा गेला, त्यात एक निळी नळी पोटासाठी आणि एक पांढरी, घरातला चमचाभर जांग भरून पाठवण्यासाठी. आठवडाभर काय खाल्लं, किती चाललात, किती झोपलात याची वही. इकडे जमरेच्या मधल्या रांजणातूनही चमचाभर घेतला.

हा झाला वसंत. शरदात, गावभर झाडांना पर्सिमनची फळं लटकलेली असताना, दाऊन निकाल घेऊन आली. प्रत्येकाला एकेक कागद, त्यावर रंगीत चकती. जितके रंग जास्त तितकी पोटात वस्ती भरलेली. चावडीत शाळेच्या निकालासारखी झुंबड उडाली. चिलबोंगची चकती सगळ्यात रंगीत निघाली, आणि त्यानं तिथल्या तिथे सोजूचा विजय जाहीर केला. दाऊन कळवळून सांगत होती, की आजोबा, ते सोजूमुळे नाही, सोजू असूनही आहे. तुम्ही रोज डोंगर चढता, मुळ्याचा पाला खाता, त्यामुळे. पण चिलबोंगला पहिला शब्द ऐकायची सवय, दुसरा नाही. गोकसंगवालीची चकती फिकट आली, ती जे काही जंतुनाशक गोळ्यांचे कोर्स घेत होती त्यामुळे; तर ती म्हणाली की छपाईची शाई संपली असेल.

जमरेची चकती सुरेख होती. तिच्या शेजारी संगपिलची. त्यात तीनच रंग मोठे, बाकी मोहरीएवढे ठिपके. दाऊननं समजावलं, की शहरात असं होतंच, मांस, दारू, बसून काम, अपुरी झोप. पोटातले निम्मे भाडेकरू सोडून जातात. तेवढं जमरेला पटलं. पोरगं राबतंय. पण दाऊन काही तरी गिळत होती. शेवटी तिनं, भाबडी पोर, सगळ्यांच्या देखत विचारलं.

"आजी, मुलासाठी तुमचा वेगळा रांजण आहे का?"

"वेगळा कशाला? मधला रांजण त्याचाच. मी खाते तो त्याच्यातला उरलेला."

दाऊननं दोन कागद शेजारी ठेवले. एक जमरेच्या रांजणातला जांग, त्यात जंतूंची जत्रा. दुसरा संगपिलच्या घरून आलेला, त्यात एकाच जातीची बुरशी, विकत मिळते ती, आणि गहू. मार्टातल्या प्लास्टिकच्या डब्यात असतो तसा. दाऊनला खरंच वाटलं होतं, की म्हातारीनं वय झालं म्हणून कधी सोपा, गहू घालून केला असेल.

चावडीची जमीन खालून तापवलेली असते. त्या दिवशी जमरेला ती आणखीच तापल्यासारखी वाटली. मग कोपऱ्यातून कुणीतरी हळूच म्हणालं, की विद्यापीठाला दाखवायला खरा रांजण, आणि पोटच्या पोराला गव्हाचा. दुपारपर्यंत हे वाक्य गावभर फिरलं, आणि संध्याकाळी परत आलं तेव्हा त्याला शेपूट फुटलं होतं: मडकीच्या मडकी मार्टातून आणून भरते म्हणे, म्हणूनच तर ओठात कागद धरून बसते, बोलणं नको.

जमरेनं त्या संध्याकाळी संगपिलला फोन लावला. तिला फक्त एवढं ऐकायचं होतं, की आई, माझ्याकडून चूक झाली, घाईत दुसराच डबा उघडला. माणूस चुकतो. ती गावाला सांगणार होती आणि विषय संपणार होता. संगपिल म्हणाला, की त्यानं तिच्याच मडक्यातला चमचा भरला होता. प्रयोगशाळेत घोळ झाला असेल. जमरे म्हणाली, घोळ नाही, पोरीनं तीनदा तपासलंय. पलीकडे सूनबाई हळू आवाजात काही सांगत होती. मग संगपिलचा आवाज आला, लहान मुलाला समजवावं तसा.

"आई, रागावू नकोस. तुझं वय झालंय. कदाचित तूच दुसरं काहीतरी भरून पाठवलं असशील आणि आता आठवत नसेल. आरोग्य केंद्रात जाऊन एकदा डोकं तपासून घे ना. आजकाल फुकट असतं."

नुसतं खोटं बोलला असता तर तिनं गिळलं असतं. पण त्यानं आपलं खोटं तिच्या डोक्यात नेऊन ठेवलं. आणि आईचं मन असं मूर्ख, की तिनं ते ठेवून घेतलं. ती रात्रभर नाही झोपली असं मी सांगणार नाही, ती झोपली. पण सकाळी उठून ओट्यावर गेली आणि रांजण मोजले. अकरा. पुन्हा मोजले. मधल्या रांजणात बोट बुडवून चाखलं. मग बाकीच्या दहातून. खरंच का मी कधी गहू घातला? सासूचं वाक्य आठवलं, आणि पहिल्यांदा तिला त्या वाक्याची भीती वाटली.

ती आरोग्य केंद्रात गेली. तिथल्या बाईनं विचारलं, आज तारीख काय? जमरेनं आयुष्यभर चंद्राच्या तिथीवर पेरणी केलेली, तिथीवरच जांग घातलेला. तिनं नवव्या महिन्याची अकरावी सांगितली, तिथीप्रमाणे अगदी बरोबर. बाईच्या कागदावर चूक. शंभरातून सात वजा करत जा म्हटल्यावर ती शेवटपर्यंत न अडखळता गेली, घड्याळ काढ म्हटल्यावर काढलं. बाई म्हणाली ठीक आहे, तीन महिन्यांनी पुन्हा या. आता "पुन्हा या" म्हणजे शहाणी की वेडी हे तिला कळेना, आणि विचारायची हिंमत होईना. दाराकगोलमध्ये मात्र सगळ्यांना तत्काळ कळलं. आरोग्य केंद्रात गेली होती, म्हणजे आहे काहीतरी.

गोकसंगवाली चौथ्या दिवशी वाटी घेऊन आली. जमरे म्हणाली, कशाला येतेस, गहू असेल त्यात. गोकसंगवालीनं झाकण काढून वास घेतला.

"संगपिलची आई, मी चाळीस वर्षं तुझ्या जांगला नावं ठेवली. गव्हाचं नाव ठेवलंय का कधी?"

"मग पोरगं असं का म्हणतं?"

गोकसंगवालीनं वाटी भरून घेतली. तिलाही शहरात दोन सुना होत्या. ती एवढंच म्हणाली, की याचं उत्तर मला विचारू नकोस, दिलं तर मी तुझ्या ओट्यावर पुन्हा पाय ठेवू शकणार नाही.

पानगळ संपली. पार्सलाचे दिवस आले. जमरेनं नेहमीचं मडकं घासलं, उन्हात वाळवलं आणि मधल्या रांजणापाशी जाऊन उभी राहिली. बराच वेळ. मग झाकण न काढताच मागे फिरली, ढकलगाडी घेतली आणि बस पकडून तालुक्याच्या मार्टात गेली. आयुष्यात पहिल्यांदा तिनं जांग विकत घेतला. लाल झाकणाचे तीन प्लास्टिकचे डबे. वेळच अशी, की पैसे भरायच्या खिडकीपाशी नेमका चिलबोंग उभा, सोजू घेऊन. त्यानं तिच्या हातातले डबे बघितले, मग तिच्या तोंडाकडे बघितलं. दोघांनी एकमेकांचं पाप बघितलं आणि दोघं आपापल्या वाटेला लागली.

घरी येऊन तिनं ते तीन डबे मडक्यात उपसले. तोंडाला कापड, कापडावर डाव्या पिळाची दोरी, तशीच गाठ. काम करताना सवयीनं तिनं ओठांत कागद धरला होता. लक्षात आल्यावर थुंकून टाकला. तिचा विचार साधा होता. माझं डोकं गेलं असेल तर मला कळायला हवं; आणि माझं डोकं शाबूत असेल तर तेही कळायला हवं. आणि खरं सांगायचं तर तिला मनापासून वाटत होतं, की पोरगा फोन करून ओरडावा. आई, हे काय पाठवलंस, हा तुझा हात नाही. असं तो म्हणाला असता तर ती वेडी ठरायला तयार होती.

चौथ्या दिवशी फोन आला.

"आई, मडकं पोचलं. आज सकाळीच सूप केलं." आणि कदाचित त्या दिवशीचं बोलणं टोचत असेल म्हणून, आवाजात जास्तीचं प्रेम घालून म्हणाला, "तीच चव गं. तुझ्याच हातची."

जमरे म्हणाली, बरं. नातवंडांचं विचारलं. थंडीत टोपी घालत जा म्हणाली. फोन ठेवला, आणि मग ती ओट्यावर जाऊन मधल्या रांजणाला पाठ टेकून बसली. रांजण दुपारच्या उन्हानं कोमट होता. ती वेडी नव्हती. एवढी वाईट बातमी तिला आयुष्यात कुणी दिली नव्हती.

इथं गोष्ट संपली असती तर मीही तुम्हाला सांगितली नसती. पण दोन दिवसांनी पुन्हा फोन वाजला. अनोळखी नंबर, म्हाताऱ्या पुरुषाचा आवाज, आणि बोलीत दक्षिणेकडच्या किनाऱ्याचा हेल.

"प्यो जमरे बाई बोलताय का?"

तिला आधी वाटलं चुकीचा नंबर आहे. या नावाची बाई कोण हे आठवायला क्षणभर लागला.

माणसानं आपलं नाव सांगितलं, नामगुंग दोकसू, सोलच्या त्या इमारतीतला दरवान, संगपिल राहतो तिथला. नंबर त्यानं पार्सलावरच्या चिठ्ठीवरून घेतला होता आणि नाव आमच्या पोस्टात विचारून, त्याबद्दल आधी तीनदा माफी मागितली. मग म्हणाला, की बाई, अकरा वर्षं मी तुमचा जांग खातोय. दरवर्षी पार्सल येतं आणि सोळाव्या मजल्यावरच्या बाईसाहेब मडकं तसंच खाली आणून देतात. म्हणतात, वास लिफ्टभर होतो, तुम्ही गावाकडचे, तुम्हीच न्या. मला वाटायचं तुम्हाला माहीत असेल. बायको जाऊन मला बारा वर्षं झाली, तिच्यानंतर तोंडाला चव आली ती तुमच्या मडक्यानं. मी मडकं घासून, दोरी गुंडाळून परत देतो, म्हटलं पुढच्या वर्षी तीच वापराल.

जमरेनं विचारलं, "दोरीचं टोक आत खोचता?"

"आमच्याकडे तसंच गुंडाळतात, बाई. का, चुकलं का काही?"

ती म्हणाली, काही नाही चुकलं.

"चुकलं म्हणजे... म्हणूनच फोन केला. तुम्ही बऱ्या आहात ना? यंदाचा जांग तुमचा नाही. त्यात गहू आहे. मी म्हटलं, बाई आजारी पडल्या असतील, कुणीतरी दुसऱ्यानं भरून दिलं असेल. विचारावं तर कुणाला? वर विचारलं तर बाईसाहेब म्हणाल्या, मला काय कल्पना."

आता बघा, किती माणसं त्या चवीची शपथ घेत होती. पोटचा पोरगा, अकरा वर्षं दर पानगळीला "तीच चव". आणि पहिल्या घासाला ओळखलं ते कुणी, तर इमारतीच्या फाटकाशी खोक्याएवढ्या खोलीत बसणाऱ्या माणसानं. जमरेनं त्याला खरं सांगितलं, की जांग मीच मार्टातून आणून भरला. का, ते नाही सांगितलं. आणि त्यानंही विचारलं नाही. दरवान माणूस, बंद दारांचा आदर करणारा.

नव्या वर्षाच्या आधी दाऊन दुसऱ्या खेपेच्या नळ्या घेऊन आली. यावेळी ती आधी जमरेच्या घरी गेली, एकटी, आणि तिनं वाकून माफी मागितली. चावडीत बोलायला नको होतं म्हणाली. जमरेनं तिला सूप वाढलं. खाऊन झाल्यावर जुना फॉर्म काढायला लावला. चावडीवर गोकसंगवाली होती, चिलबोंग होता, सरपंच होता. जमरेला हवं असतं तर तिथं जाऊन सगळं सांगता आलं असतं आणि गावानं तिच्या जांगची माफी मागितली असती. पण ते सांगायचं म्हणजे संगपिलचं नाव घ्यायचं, आणि त्याच नावानं तर तिला सगळे हाक मारतात. तिनं ते केलं नाही. तिनं फक्त फॉर्मवर बोट ठेवलं.

"हे पाच खोडून टाक. दोन लिही."

दाऊननं तिच्याकडे बघितलं. जोडी मोडत होती, अभ्यासातून जमरेचं घर बाद होत होतं. पण पोरगी शहाणी, तिनं का म्हणून विचारलं नाही. तिनं पाच खोडलं.

"दुसरं कोण, आजी? नाव आणि नातं लागतं."

"नामगुंग दोकसू. सोल."

"नातं? इथं मुलगा, सून, नातवंड, नवरा एवढंच आहे."

जमरेनं विचार केला. गोकसंगवालीची वाटी तिच्या डोळ्यांसमोर आली, पण गोकसंगवाली खायची ती नावं ठेवायला, तिला कागदावर घेतलं तर ती गावभर मिरवेल. मग म्हणाली, "रकाना नसेल तर बाजूला लिही. खाणारा."

दाऊननं बाजूला बारीक अक्षरात लिहिलं.

नव्या वर्षाला संगपिल आला. मडकं आणलं, लख्ख. आत दोरी गुंडाळलेली, टोक खोचलेलं. जमरेनं मडकं हातात घेतलं, छान धुतलंस म्हणाली, आणि तो म्हणाला, त्यात काय आई. बस, एवढंच. ती रागावली नाही, रडली नाही. ताटात त्याला मांसाचा मोठा तुकडा वाढला. तो परत निघाला तेव्हा दरवर्षीसारखं गाडीत काही ठेवायला तिनं हात लावला नाही. त्यालाही ते बरं वाटलं असावं.

तो गेला त्याच्या दुसऱ्या दिवशी तिनं तेच मडकं घासलं आणि यावेळी मधल्या रांजणाचं झाकण काढलं. काठोकाठ भरलं. कापड, दोरी, गाठ. पोस्टातल्या पोराला म्हणाली, की पत्ता तोच, इमारत तीच. फक्त सोळावा मजला खोड आणि फाटकावरची खोली लिही. घेणाऱ्याचं नाव नामगुंग दोकसू. पाठवणाऱ्याचं नाव काय लिहू, संगपिलची आई? त्या पोरानं सवयीनं विचारलं.

"प्यो जमरे," ती म्हणाली, "आणि नंबर ठळक लिही."

नामगुंग म्हाताऱ्याच्या खोलीला मोठी काच आहे म्हणतात. मडकं तो टेबलावरच ठेवतो, सूप तिथंच शेगडीवर करतो. सोळाव्या मजल्यावरच्या माणसाला सकाळी कामावर जाताना आणि संध्याकाळी परत येताना त्या काचेसमोरून जावंच लागतं. दुसरी वाट नाही. त्याला मडकं ओळखू आलं का, ते मला ठाऊक नाही. तो काही बोललेला नाही. पुढच्या पानगळीपर्यंत जमरेनंही त्याला जांगबद्दल एक अक्षर विचारलं नाही, आणि मडकं पाठवल्यावर चौथ्या दिवशी जो फोन आला तो दक्षिणेकडच्या हेलाचा होता.